बालपुस्तकांची यादी वेगळी का?

पुस्तकांच्या व्यवसायात सर्वाधिक खपाची यादी ही निव्वळ मानाची बाब नाही. अमेरिकेत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत नाव आले की पुस्तक दुकानाच्या दर्शनी भागात मांडले जाते, मोठी दुकाने त्यावर सवलत देतात, जाहिरातीत तसा उल्लेख होतो आणि मागणी आणखी वाढते. यादी खपाची नोंद तर करतेच, शिवाय खप वाढवतेही. त्यामुळे तिच्यातील एकेका जागेला पैशाचे मोल आहे.

जुलै २००० मध्ये याच जागांवरून वाद झाला. जे. के. रोलिंग यांची 'हॅरी पॉटर' मालिकेतील तीन पुस्तके कित्येक महिने कादंबऱ्यांच्या यादीत ठाण मांडून होती. जागा अवघ्या पंधरा! त्यातच ८ जुलैला चौथे पुस्तक येणार होते आणि त्याची अमेरिकेतील पहिली छपाईच ३८ लाख प्रतींची होती. मोठ्यांसाठी कादंबऱ्या काढणाऱ्या काही प्रकाशकांनी कुरकूर सुरू केली. अखेर वृत्तपत्राने बालपुस्तकांची स्वतंत्र यादी काढली आणि पॉटरची रवानगी तिकडे झाली.

प्रकाशकांची अडचण खोटी नव्हती. पहिलीच कादंबरी लिहिणारा लेखक सोळाव्या क्रमांकावर राहिला, तर सवलत नाही, दर्शनी जागा नाही आणि कदाचित पुढच्या पुस्तकाचा करारही नाही. स्वतंत्र यादीमुळे इतर बालपुस्तकेही ग्राहकांच्या नजरेस येऊ लागली, हा फायदा मान्य केलाच पाहिजे.

पण स्वतंत्र यादी काढणे वेगळे आणि मुख्य यादीतून नाव काढणे वेगळे. किराणा दुकानदार लहान मुलांच्या बिस्किटांची विक्री वहीत निराळी मांडील, पण दिवसाच्या एकूण गल्ल्यातून ती वगळणार नाही. 'यूएसए टुडे' या दैनिकाने १९९३ साली सुरू केलेल्या यादीत मुलांची, मोठ्यांची, कथा-कादंबरीची व माहितीपर पुस्तके एकत्रच मोजली गेली. बाजारात खरोखर काय खपते, हे दुकानदाराला तिच्यावरून अधिक नेमके कळत असे.

शिवाय बालपुस्तक ठरवायचे कशावरून? ब्रिटनमधील प्रकाशक ब्लूम्सबरीने १९९८ मध्ये पॉटरचे पहिलेच पुस्तक मोठ्यांसाठी निराळ्या, गंभीर मुखपृष्ठासह बाजारात आणले. आगगाडीत वाचताना प्रौढ ग्राहकाला संकोच वाटू नये, हा हेतू. आतला मजकूर तोच होता.