खाऱ्या वाऱ्यातला निखारा

पूर्णगडात कोळशावर भाजायला शिकायचं तर जाळी आणि चिमट्यांच्या आधी वाऱ्याचा विचार करावा लागतो. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकडीवर हा लहानसा किल्ला, उतारावर गाव, पलीकडच्या तीरावर गावखडीचं सुरूबन. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात आणि या दोहोंच्या मध्ये, दिवेलागणीच्या सुमाराला, थोडा वेळ हवा पडते. मागीलदारी शेगडी पेटवायची ती वेळ. भर वाऱ्यात कोळसा रसरसून जळतो, वरची मासळी बाहेरून करपते आणि काट्याजवळ कच्ची राहते. कोळशाला जेवढी हवा तेवढी त्याची आच, आणि या छंदातलं निम्मं कौशल्य ही हवा मोजून देण्यात आहे.

अमेरिकेतल्या घरोघरच्या अंगणात पोचलेली गोल, झाकणाची शेगडी याच अडचणीतून जन्मली. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारे जॉर्ज स्टीफन वाऱ्याने आणि उडत्या राखेने त्रासले होते. त्यांच्या कारखान्यात पाण्यात सोडायचे धातूचे बोये तयार होत. १९५२ साली त्यांनी असाच एक बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. हवेसाठी तळाला आणि झाकणाला उघडझाप करता येणारी भोकं असतात. खालचं भोक निखाऱ्याला हवा पुरवतं, वरचं धूर ओढून घेतं. दोन्ही बंद केली की विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळेला कामी येतो. ज्या बंदरात होड्यांच्या शेजारी बोये पडलेले असतात, तिथल्या माणसाला ही रचना समजायला वेळ लागू नये.

विकतची शेगडी हवीच असं नाही. पिंप मधोमध कापून लोहाराकडून पाय आणि बिजागरी लावून घेतली तरी काम भागतं. मात्र त्या पिंपात आधी काय भरलेलं होतं हे पक्कं ठाऊक हवं, कारण रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी अन्नासाठी नको. जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही नको. तापल्यावर तिच्यातून निघणारी वाफ विषारी असते. जांभ्याचे चार चिरे रचूनही उत्तम चूल होते. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यानंतर तो पाणी धरून असतो, म्हणून पहिले दोन-तीन जाळ अगदी मंद ठेवावेत. नदीतले ओले गोटे तर वापरूच नयेत. आतल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटतात.

आता कोळसा. कोकणात नारळाच्या करवंटीसारखं जळण हाताशी असताना दुकानातल्या दाबून केलेल्या गोळ्या आणाव्यात असं मला वाटत नाही. वाळलेल्या करवंट्या डब्यात पेटवून, जाळ चांगला धरला की झाकण लावून हवा तोडायची; थंड झाल्यावर आत कोळसा मिळतो. वजनाने तो करवंटीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास भरतो. त्याची राख थोडी पडते आणि आच कडक असते. पेटवताना रॉकेल अजिबात नको, त्याचा वास मासळीला लागतो. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याचं वरचं तोंड कापून तळाला भोकं पाडावीत. खाली सुकं चुडत आणि थोडा काथ्या, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर करडी राख धरते, तेव्हा तो शेगडीत ओतावा. ज्वाळा दिसत असतील तर थांबावं. भाजायचं असतं निखाऱ्यावर, जाळावर नाही.

काजूचा हंगाम असलेल्या गावात एक मोह टाळायला हवा. काजूबियांची टरफलं झणझणीत जळतात खरी, पण त्यांच्या तेलाने कातडीला फोड येतात आणि धूरही डोळ्यांना, घशाला झोंबतो. त्या धुरावर अन्न शिजवू नये.

निखारे शेगडीच्या एकाच बाजूला लावावेत आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी, हा पहिला नियम. बांगडा तेलकट मासा. त्याची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की भडका उडतो आणि त्या धुरात बेन्झोपायरिनसारखी घातक संयुगं तयार होतात. म्हणून आधी निखाऱ्याच्या बाजूला सालीला रंग आणावा आणि मग मासा मोकळ्या बाजूला सरकवून झाकण घालावं. जाळी नीट तापवून तेलाचा हात फिरवला तर साल चिकटत नाही. मासा उलटताना अडकला तर ओढू नये. साल भाजली की तो आपण होऊन सुटतो. मध्यम बांगड्याला दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं पुरतात. मीठ, हळद, थोडं आगळ. याहून जास्त मसाला सुरुवातीला लावूच नये, कारण मसाला करपला तर आच चुकली की मसाला चुकला हे कळत नाही.

बांगड्याच्या ताजेपणाबद्दल मात्र कडक असावं. त्याच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं आणि मासा उन्हात पडून राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. ते एकदा तयार झालं की कितीही भाजलं तरी जात नाही. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं दुखतं. होडीवरून उतरलेला मासा बर्फात जायला हवा, आणि शेगडीजवळ आणेपर्यंत बर्फातच राहायला हवा.

धुराकडे वळलं की आणखी एक प्रश्न पडतो. एवढी मासळी असून कोकणाने ती धुरवून का टिकवली नाही? मला याचं उत्तर उन्हात दिसतं. पावसाळा संपला की मेपर्यंत इथे ऊन आणि मीठ दोन्ही मुबलक. सुकट, बोंबील, खारा बांगडा ही आगोटीची बेगमी त्यांच्याच जोरावर होते. जिथे ऊन भरवशाचं नाही, तिथे धुराचा आधार घ्यावा लागला. नॉर्वे-स्कॉटलंडमध्ये मासा तीस अंशांखालच्या गार धुरात बराच वेळ ठेवतात. पूर्णगडात हवाच तीस अंशांची, तिथे गार धूर म्हणजे जिवाणूंना उबारा. आपल्याकडे गरम धूरच हवा: झाकणाखाली शंभर ते एकशेवीस अंश, आणि कोंबडी असेल तर आतलं मांस चौऱ्याहत्तर अंशांपर्यंत पोचलेलं. यासाठी सुईचा थर्मामीटर विकत घ्यावा, तो खर्च योग्य आहे.

धुरासाठी पेरूचं वाळलेलं लाकूड चांगलं. हवाईत ते मुद्दाम वापरतात. लाकडातल्या लिग्निनचे तुकडे होऊन ग्वायकॉल आणि सिरिंगॉल तयार होतात, तोच तो धुराचा गंध. दाट पांढरा धूर कडवट असतो. तळाची हवा थोडी वाढवून तो विरळ, निळसर झाला की मासा ठेवावा. धुरवलेलं मांस रोज खाऊ नये हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये खारवलेलं-धुरवलेलं प्रक्रियायुक्त मांस कर्करोगकारक ठरवलं आहे.

धुराचा हा पांढऱ्यापासून निळ्यापर्यंतचा प्रवास कातकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोळशाच्या भट्टीत लाकूड रचून त्यावर पाला आणि माती लिंपतात आणि धुराचा रंग बघून भट्टी कुठवर आली ते ओळखतात. महाराष्ट्रातली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ती उचल फिटता फिटत नाही. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली, तरी कर्जापायी राबणं संपलेलं नाही. ज्यांच्या हातच्या ज्ञानावर हा छंद उभा आहे त्यांची नावं आपल्या पाककृतींत कुठेच येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या वनोपजाच्या व्याख्येत कोळशाचं नाव आहे, मग माल जंगलातून आलेला असो वा नसो. म्हणून लाकडी कोळसा घेताना तो कुठून आला आणि वाहतुकीचा परवाना आहे का, हे दुकानदाराला विचारावं. करवंटीचा कोळसा घरी केला तर हा प्रश्नच येत नाही.

शेगडी मागीलदारीच ठेवावी, किनाऱ्यावर नेऊ नये. गावखडीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालतात आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्लं समुद्राकडे निघतात. विस्तवाच्या उजेडाने त्यांची दिशा चुकते. तशीच शेगडी पावसात घरात किंवा बंद पडवीतही आणू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो.

ज्यांना शेगडीशिवाय सुरुवात करायची त्यांनी थंडीत रायगडकरांची पोपटी करून बघावी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, पुन्हा पाला घट्ट कोंबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पातेरा, गवत, काटक्या रचून अर्धा तास जाळायचं. मग मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. तो चर्र होऊन तत्काळ उडाला तर पोपटी झाली. नाही उडाला, तर आणखी थोडा पातेरा टाकावा.