रंग बदलणारा आकाशकंदील

दोस्तांनो, सिल्लोडमध्ये दिवाळीला घरोघरी आकाशकंदील लागतात. तुमच्या कंदिलात रंग बदलणारा एलईडी लावायचाय? त्याच्या पोटात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे अन् रंग पालटणारी चिप असते. (यातल्या निळ्याने फार रडवलं! त्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं.)

लांब पाय बॅटरीच्या धन टोकाकडे. पण नऊ व्होल्ट थेट जोडलेत, तर बिचारा जळालाच म्हणून समजा! त्याला साधारण तीन व्होल्ट, २० मिलिअँपिअर पुरतात. उरलेले सहा व्होल्ट रेझिस्टरने, म्हणजे पुस्तकातल्या रोधाने पेलायचे. ६ ÷ ०.०२ = ३०० ओहम. दुकानात ३३० चा मागा. दिवे दोन असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर. एकामागे एक जोडलेत, तर एकाची चिप दुसऱ्याचा प्रवाह तोडते. आणि घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला हे कधीच जोडायचं नाही हं!