कांद्याच्या मागावर दिल्ली

शाळा-कॉलेजांच्या दिल्लीच्या अभ्यास सहलीचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. इंडिया गेट, बाहेरून राष्ट्रपती भवन, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, खासदारांच्या शिफारशीने पास मिळालाच तर संसद, आणि एक दिवस आग्र्यासाठी. वहीत उतरतं ते असं: नव्या लोकसभेत 888 आसनं, सजावट मोराची, राज्यसभेत 384 आसनं, सजावट कमळाची, शेजारची जुनी गोल इमारत लुट्यन्स आणि बेकर यांची, 1927 सालची. यातलं काहीही चूक नाही. पण देशाचं सरकार चालतं कसं, हे यातून कळत नाही. दगड, घुमट आणि आसनांची संख्या पाहायला गेलेल्या मुलांना दगड, घुमट आणि आसनंच दिसणार. म्हणून अशी सहल इमारतींभोवती न आखता एखाद्या निर्णयाभोवती आखावी. ज्या निर्णयाने आपल्या तालुक्यात काहीतरी हललं, असा एक निर्णय धरायचा आणि तो दिल्लीत कुठे, कोणी, कशाच्या आधारे घेतला याचा माग काढत हिंडायचं.

नाशिक जिल्ह्यातल्या शाळेला असा निर्णय शोधायला लांब जावं लागत नाही. 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनामागे 800 डॉलर ही किमान निर्यात किंमत आली. 8 डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद झाली. ती उठली 4 मे 2024 रोजी, तीही 40 टक्के शुल्क आणि 550 डॉलरची किमान किंमत लावून. नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचं मतदान होतं 20 मे रोजी. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली, शुल्क निम्म्यावर आलं आणि 1 एप्रिल 2025 ला शुल्कही हटलं. लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन जाणाऱ्या घरातल्या मुलाला या तारखा पाठ करायची गरज नाही, त्या घरात भोगलेल्या असतात. त्याला ठाऊक नसतं ते इतकंच, की ‘केंद्राने बंदी घातली’ या वाक्यातलं ‘केंद्र’ म्हणजे नेमकं कोण.

नागरिकशास्त्राचं पुस्तक वाचलेला कोणीही म्हणेल, संसद. प्रत्यक्षात 8 डिसेंबर 2023 ला संसदेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं, पण निर्यातबंदीवर सभागृहात मतदान झालं नाही, होण्याची गरजही नव्हती. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली आणि बंदरांवरच्या मालाचं भवितव्य बदललं. कोणत्याही मालाची निर्यात रोखण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो 1992 च्या विदेश व्यापार कायद्याने. म्हणजे संसदेने तीस वर्षांपूर्वी दिलेली चावी फिरवून हे कुलूप लागलं. सरकार नावाच्या गोष्टीबद्दल मुलांना एकच गोष्ट कळायची असेल तर ती ही असावी: रोजच्या जगण्यावर परिणाम करणारे पुष्कळसे आदेश सभागृहात जन्मत नाहीत, ते आधीच मंजूर झालेल्या कायद्याच्या आधाराने एखाद्या कचेरीतून निघतात. संसदेचं काम त्याआधी असतं आणि त्यानंतरही.

माग पुढे काढला की आणखी मजेशीर चित्र दिसतं. निर्यात बंद करणारं खातं वाणिज्य, पण निर्यात शुल्क लावणारा अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग. किरकोळ भावावर लक्ष ठेवणारा ग्राहक व्यवहार विभाग, त्याच्याच निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या संस्था कांदा खरेदी करून साठवतात. 2023 मध्ये या साठ्याचं उद्दिष्ट 3 लाख टनांवरून 5 लाख टनांवर नेलं आणि त्यातला कांदा शहरांत 25 रुपये किलोने विकायला काढला. कृषी मंत्रालय लागवड आणि उत्पादनाचे अंदाज देतं. कित्येक दशकं दिल्लीतल्या एकाच कृषी भवनात शेतकऱ्याचं खातं आणि ग्राहकाचं खातं नांदलं, आणि भाव चढला की दोघांचं हित उलट दिशांना जातं. लासलगावला भाव पडतो तेव्हा दिल्लीच्या भाजीबाजारात कोणीतरी सुटकेचा निःश्वास टाकत असतं, आणि तोही मतदारच असतो. 1998 च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत सत्ताधाऱ्यांच्या पराभवामागे कांद्याची महागाई हे मोठं कारण मानलं गेलं, हे दिल्लीतला कोणताही राजकारणी विसरलेला नाही. निर्णय योग्य होता की अन्यायाचा, हे शिक्षकांनी सांगू नये. मुलांनी दोन्ही बाजूंची कागदपत्रं समोर ठेवून भांडावं.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे: शाळकरी मुलांना मंत्रालयांत शिरू कोण देणार? बहुतेक वेळा कोणी देणार नाही. पण या सहलीचं अर्धं काम नाशिकमध्येच उरकतं. अधिसूचना जाहीर असतात. लोकसभेत विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं संकेतस्थळावर खुली असतात. बैठकीच्या दिवशी वीस तारांकित प्रश्न यादीत येतात, त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित 230 पर्यंत असतात, त्यांची उत्तरं लेखी. प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. कांद्यावरची अशी दोन-चार उत्तरं वर्गात वाचून, त्यांतलं कोणतं उत्तर टाळाटाळीचं आहे हे ठरवून जी मुलं प्रश्नोत्तराच्या तासाला प्रेक्षक सज्जात बसतील, त्यांना खाली काय चाललं आहे ते कळेल. मग एखाद्या अधिकाऱ्याने महाराष्ट्र सदनात येऊन तासभर उत्तरं दिली तरी पुरे. सहलीची वेळ मात्र बदलावी लागेल. दिवाळीच्या सुट्टीत संसदेचं अधिवेशन सहसा नसतं आणि मुलं रिकाम्या सभागृहाचे गालिचे पाहून येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: संसदेतला गोंधळ पाहून मुलं निराश होतील. डिसेंबर 2023 चं तेच अधिवेशन घ्या. 13 तारखेला दोघांनी प्रेक्षक सज्जातून लोकसभेत उडी मारली. त्यावर सरकारने निवेदन करावं या मागणीवरून गदारोळ झाला, दोन्ही सभागृहांचे मिळून 146 विरोधी खासदार निलंबित झाले आणि नव्या फौजदारी कायद्यांची तीन विधेयकं बहुतांश विरोधी बाकं रिकामी असताना मंजूर झाली. हे सुखद दृश्य नव्हे. पण ते लपवून जे शिकवायचं ते कशाचं शिक्षण? शिवाय सभागृह हा संसदेचा दिसणारा भाग आहे. 1993 पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत, आज 24. प्रत्येकीत 31 खासदार, वेगवेगळ्या पक्षांचे. तिथे सचिवांना बोलावून प्रश्न विचारले जातात, बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसल्याने आवाजही खाली असतो. त्यांचे अहवाल मात्र वाचता येतात. सभागृहातला गोंगाट पाहून वाणिज्य समितीचा एखादा अहवाल वाचणाऱ्या मुलाला तेच खासदार दोन ठिकाणी किती वेगळे वागतात हे दिसेल, आणि समित्या बंद का ठेवाव्यात, असंही तो विचारील. विचारूच द्यावं.

संसद टीव्हीवर सगळं दिसत असताना तेराशे किलोमीटर जायचं कशाला, हा आक्षेप खर्चाच्या मुद्द्यापाशी पोचतो. टीव्ही बोलणाऱ्याचा चेहरा दाखवतो. कोण ऐकत नाही, कोण उठून गेलं, चिठ्ठ्या कुठून कुठे फिरतात हे सज्जातूनच दिसतं. तरीही मान्य करायला हवं की आज ही चैन परवडते ती पैसेवाल्या शाळांना. यावर ऑस्ट्रेलियाने शोधलेली वाट पाहण्याजोगी आहे. कॅनबेरापासून 150 किलोमीटरहून लांबच्या शाळांना विद्यार्थ्यांमागे सरकारी अनुदान मिळतं, अंतर वाढेल तशी रक्कम वाढते, आणि संसदेला शैक्षणिक भेट देणं ही त्याची एक अट असते. नुसतं फिरून येणाऱ्याला पैसे नाहीत. आपल्याकडे युवा संसद स्पर्धा आहेत, पण त्यांत मुलं खासदारांची भूमिका वठवतात, खऱ्या कागदाशी त्यांची गाठ पडत नाही.

आधी ग्रामसभा तरी दाखवा, असं म्हणणाऱ्यांचं अर्धं खरं आहे. ग्रामसभा आधीच यायला हवी. पण ग्रामसभेने एकमताने ठराव केला तरी निर्यातबंदी उठत नाही, आणि का उठत नाही हे पाहायलाच दिल्लीला जायचं. प्रत्येक जिल्ह्याची दिल्ली वेगळी निघेल. कोल्हापूरच्या मुलांना उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराची शिफारस करणाऱ्या कृषिमूल्य आयोगाचे अहवाल आणि मंत्रिमंडळ समितीचा निर्णय धुंडाळावा लागेल. यवतमाळच्या मुलांना ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क का उठवलं, हे विचारत अर्थ मंत्रालयाच्या कागदांत शिरावं लागेल. गोव्यातल्या शाळेचा रस्ता तर संसदेकडे जाण्याआधी टिळक मार्गावरच्या सर्वोच्च न्यायालयाकडे वळेल, कारण खाणींचे 88 पट्टे फेब्रुवारी 2018 मध्ये रद्द झाले ते तिथे.