पहिले धनुष्य: ताणबळ आधी, देखणेपण नंतर

बांबूचे किंवा लाकडी लांब धनुष्य पहिल्यांदा घेताना नजर जाते ती त्याच्या घडणीवर आणि मुठीवरच्या कलाकुसरीवर. आधी पाहायला हवे ते ताणबळ. दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर येणारा हा भार पौंडांत मोजतात. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेतून शंभरावर लांब धनुष्ये निघाली. त्यांतील बहुतेकांचे ताणबळ १०० पौंडांच्या पुढे असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण ती ओढणारे लहानपणापासून सराव करणारे सैनिक होते. नवशिक्या प्रौढाला २० ते २५ पौंड पुरतात, दणकट माणसाला फार तर ३०. जड धनुष्याने खांदा वर चढतो, दोरी हनुवटीला टेकण्याआधीच सुटते आणि लागलेली ही खोड पुढे हलके धनुष्य हाती आले तरी लवकर जात नाही.

धनुष्यावर लिहिलेला आकडा बहुधा २८ इंचांच्या ओढीचा असतो. स्वतःची ओढ काढायला दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. १६५ सेंटिमीटरचे ६६, म्हणजे साधारण २६ इंच. अशा माणसाच्या हातात ३० पौंडांचे धनुष्य २५-२६ पौंडांचेच भरते. लांबी स्वतःच्या उंचीच्या जवळपास असलेली बरी. आखूड धनुष्य जास्त ओढले तर मोडण्याची भीती.

बीदर-कलबुर्गी भागाला धनुष्य नवे नाही. बहमनी काळातल्या सैन्यात शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू सरसाने जोडून केलेली आखूड धनुष्ये होती. सरस पावसाळी ओलाव्याने सैल पडतो, त्यामुळे ती जपणे कटकटीचे. आजच्या भालकी, औराद किंवा आळंदच्या नवशिक्याला बांबूच सोयीचा. देशातल्या ‘इंडियन राउंड’ या स्पर्धाप्रकारातही बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवरून नेम धरतात.

बांबूची खरी ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते. म्हणून धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, सालीचीच असावी. दिसायला गुळगुळीत व्हावे म्हणून तिथली पेरे खोल तासलेली असतील तर ते धनुष्य घेऊ नये. पाठीवरून नख फिरवावे. बारीक चीरही नखाला लागते. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर आत कीड आहे. मग दोरी चढवून एका टोकाकडून पाहावे: दोरी मुठीच्या मधोमध दिसली पाहिजे आणि दोन्ही भुजा सारख्या वाकल्या पाहिजेत. एकाच जागी कोपर आल्यासारखी भुजा मोडते ती तिथेच. ओढताना ‘टक्’ असा आवाज आला तर पुन्हा ओढून पाहण्यात शहाणपण नाही.

बाण धनुष्याच्या मापानेच घ्यावेत, ओढीपेक्षा इंच-दीड इंच लांब. साध्या धनुष्यात बाण मुठीला वळसा घालत सुटतो, त्यामुळे त्याचा ताठपणा ताणबळाशी जुळावा लागतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे फार ताठ बाण डावीकडे जातात, फार लवचीक उजवीकडे.

सराव संपला की दोरी उतरवावी. बाणाशिवाय दोरी कधीही सोडू नये, कारण बाणाला मिळायचा तो सगळा जोर भुजांवरच उलटतो. कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा धनुष्य पत्र्याखाली किंवा बंद गाडीत न ठेवता सावलीत, आडव्या खुंट्यांवर ठेवावे.