खांदा जाम झाला, साखर तपासली का?

सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात संत्र्याची तोडाई म्हणजे दिवसभर हात डोक्याच्या वर. त्यामुळे खांदा दुखला की दोष शिडीला नाहीतर क्रेटला. बऱ्याचदा तो खराही असतो. पण बागेत पाऊल न टाकलेल्या पन्नाशीच्या बाईचा हात वेणी घालायला मागे जाईना, तरी घरचे म्हणतात, ‘काहीतरी जड उचललं असशील.’

इथे बहुधा सांध्याभोवतीचे आवरण सुजून आकसलेले असते. अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९३४ मध्ये यालाच ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटले. चाळिशी ते साठी हे त्याचे वय. मधुमेह असलेल्यांना तो इतरांपेक्षा कितीतरी अधिक होतो. म्हणून मालिशवाल्याकडे जाण्याआधी रक्तातली साखर तपासावी. कधी कधी मधुमेहाचा पत्ता खांद्यामुळेच लागतो.

ओळखायची एक सोपी खूण आहे. कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. दुसऱ्या कुणी हलक्या हाताने नेला तरी तो अडत असेल, तर सांधा आखडला आहे. स्वतःहून हात उचलत नाही, पण दुसऱ्याने सहज उचलला जातो, तेव्हा संशय स्नायूच्या दोरीवर, म्हणजे कंडरेवर घ्यावा. सांध्याची झीजही हात अडवते, म्हणून साधा एक्स-रे काढतात.

एमआरआयचे मात्र वेड झाले आहे. नागपूरहून रिपोर्ट येतो, त्यात ‘टिअर’ लिहिलेले असते आणि घरात ऑपरेशनची भाषा सुरू होते. साठीनंतर न दुखणाऱ्या खांद्यातही अशा चिरा सर्रास दिसतात. पडल्यावर हात अचानक लुळा झाला तर गोष्ट वेगळी, तिथे वेळ दवडू नये. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत काहींच्या खांद्यातले टोचणारे हाड तासले, काहींच्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोघांच्या आरामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आखडलेल्या खांद्याला घरातले दोन टोकाचे सल्ले देतात. एक म्हणतो, झोळीत बांधून ठेव. दुसरा धरून मोडायला निघतो. दुखणे भरात असताना हिसके दिले तर सूज वाढते, आणि नुसता बांधून ठेवला तर आखडणे वाढते. सोसेल तेवढी, पण रोजची हालचाल हवी. सुरुवातीच्या महिन्यांत सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे दुखणे उतरते आणि व्यायाम जमतो. ‘सुईने हाड सडते’ ही भीती एकदोन सुयांसाठी अवाजवी आहे. साखर मात्र काही दिवस चढते, ती मोजत राहावी. ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांच्या २०२० च्या चाचणीत फिजिओथेरपी व सुई, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. वर्षाअखेर कोणतीही एक पद्धत ठळकपणे सरस ठरली नाही. खांदा सुटायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, हे आधीच सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

पांढुर्ण्याच्या गोटमार जत्रेतल्या धक्काबुक्कीत किंवा मोटरसायकलवरून पडून खांदा निखळला, तर हाडवैद्याकडून तो ओढून घेऊ नये. हाड मोडले असल्यास किंवा नस दबली असल्यास ओढण्याने कायमचे नुकसान होते.

आणि हात कसाही हलवला तरी दुखणे कमीजास्त होत नाही, चालताना वाढते, घाम फुटतो, छाती आवळते, असे झाले तर बाम शोधत बसू नका. १०८ ला फोन लावा.