सूर्यास्तापूर्वीचा खाऊ

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने काकडी-मटारांविषयी लिहावे, हे कित्येक सभासदांस विनोदाचे वाटेल. परंतु आपल्या घरांतील मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्याचा प्रश्न खरोखर बिकट झाला आहे. डिसेंबरात भोपाळला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. शाळा व शिकवणी आटोपून आलेल्या मुलाने त्यापूर्वीच खावयाचे. चुलीवर काही करण्यास अवधी नसतो, आणि मग दुकानातील पुडीबंद कुरकुरीत पदार्थ त्याच्या हाती पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलेले प्रमाण असे की, दोन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसाकाठी निदान २५० ग्रॅम आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलास ३५० ग्रॅम भाज्या व फळे मिळावीत. इतरांच्या घरी गाजर-बीट चिरून दिले की काम भागते. कंदमुळे आपणांस वर्ज्य. मोड आलेली कडधान्येही अनेक कुटुंबे अनंतकाय मानून टाळतात. तेव्हा उरलेल्यातून निवड करणे आले.

अरेरा कॉलनीतील आमच्या बिट्टन मार्केटच्या हाटात ही निवड तोकडी नाही. शरदात शिंगाडा येतो. तो तळ्यातला, म्हणून स्वच्छ धुऊन सुरीनेच सोलावा. मुलास दातांनी सोलू देऊ नये. थंडीत मटार व ओला हरभरा. मटाराची शेंग मुलानेच फोडावी आणि अळी नाही ना, हे पाहून दाणा तोंडात टाकावा. शोधनाचा संस्कार यापरता सुलभ रीतीने आम्हांस तरी ठाऊक नाही.

आमच्या पेढीशी संबंध असलेला पदार्थ म्हणजे भिजविलेली मूगडाळ. कर्नाटकात रामनवमीस कोसंबरी करतात, तोच हा प्रकार. वाटीभर डाळ गाळलेल्या पाण्यात दोन तास ठेवून निथळावी; तीत बारीक चिरलेली काकडी, ओले खोबरे, लिंबू आणि अगदी वाढतेवेळी मीठ घालावे, नाहीतर पाणी सुटते. लिंबामुळे डाळीतील लोह अंगी अधिक लागते. गिऱ्हाईक चकचकीत डाळ मागते खरे, पण भिजविण्यास बिनपॉलिशचीच बरी. हीत कच्चे दही मात्र घालू नये. द्विदलाचा दोष लागतो.

दह्याची आवड असल्यास ढोबळी मिरचीचे होडीसारखे काप करून त्यांत घट्ट दही व भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट भरावे. दाण्यांतून तेल निघते, म्हणून बहुतेक घरी ते द्विदलात धरीत नाहीत. आपल्या घरची रीत वडीलधाऱ्यांस विचारावी. पाच वर्षांखालील मुलास अख्खा शेंगदाणा देऊ नये, घशात अडकतो. मटारही चेचून द्यावा. चिरलेले उरल्यास दुसऱ्या दिवसाकरिता ठेवू नये, तेव्हा बेतानेच चिरावे.

अष्टमी-चतुर्दशीस ज्या घरी हिरवे चालत नाही, तेथे त्या दिवशी कुरमुरे, फुटाणे, गूळ-दाण्याचे कूट यांवर भागते, आणि मुले त्याविषयी कुरकुर करीत नाहीत.