माडीचा सज्जा : मोडायचा की राखायचा?



हंगाम आटोपला, टोळ्या आपापल्या मुलखाला गेल्या, पाचट आवरून खोडव्याला पहिले पाणी दिले, की आपल्याला चार दिवस घराकडे बघायला सवड मिळते. या पानावर ऊस, खते आणि पाणी यांविषयी नेहमीच वाचायला मिळते. आज जरा घराच्या लाकडाविषयी लिहितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या जुन्या घराला अजून माडी आहे, माडीला तक्तपोशी आहे आणि काहींच्या माडीपुढे रस्त्याच्या अंगाला लाकडी सज्जाही आहे. स्लॅबची घरे आल्यापासून या सज्जाचे हाल कोणी विचारीत नाही. वर ऊन, पाऊस आणि खाली वाळवी. शेवटी एके दिवशी भंगारवाला येतो आणि सागाचा सज्जा जळणाच्या भावाने घेऊन जातो.

आमचे गाव वाळवे तालुक्यात, कृष्णाकाठी. घर आजोबांनी बांधलेले. सज्जा १४ फूट लांब, साडेतीन फूट रुंद, फळ्या सागाच्या, पुढे कठडा, आणि खाली सोप्याचे चार खांब तळखड्यावर उभे. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही भावंडे तिथेच झोपायचो.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर कोणाला सांगायला नको. सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या सोप्यात पाणी आठवडाभर उभे होते. खांब पुरुषभर बुडाले होते. पाणी उतरले, गाळ काढला, आणि दिवाळीला घर जरा बरे दिसावे म्हणून मी स्वतः हौसेने एक काम केले : खांब, कठडा, सज्जाच्या फळ्या या सगळ्यांना गडद तपकिरी ऑईलपेंटचे दोन हात दिले. पाहुण्यांनी वाखाणणी केली. माझ्या हातून झालेली चूक ती हीच, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.

दीड वर्षात रंगाला फोड आले. फोड फोडला की आतून पाणी यायचे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्यानंतर एका खांबाचा पाया असा झाला, की बोटाने दाबला तर आत जाई. चिरंजीव म्हणाले, "आप्पा, आता काढूनच टाकू. दोन ट्रॉल्या लाकूड निघंल. तिथं ग्रिल बसवू." भंगारवाला येऊन भावही सांगून गेला. मलाही ते पटू लागले होते.

तेवढ्यात गावचे सुतार आण्णा आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. आता बैलगाडीची चाके कोणी करून घेत नाही, म्हणून पारावर बसून असतात. त्यांनी माझ्याकडून पोती शिवायचा दाभण मागून घेतला. एकेक फळी, एकेक खांब टोचत गेले. जिथे दाभण नुसता टेकला, तिथे खडूची फुली. जिथे आत गेला, तिथे गोल. तासाभराने आम्ही मोजले : सज्जाच्या १६ फळ्यांपैकी गोल फक्त तिघींवर, चार खांबांपैकी दोनच पायाशी खराब, आणि कडीपाट सगळा शाबूत.

"मास्तर, ह्ये लाकूड मेलं न्हाई," आण्णा म्हणाले. "वल्लं हुतं तवाच तुमी रंगाचं कातडं चढवलं. आत पानी, भाईर कातडं. मग त्यानं करावं काय?"

त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल त्याच्या सुक्या वजनाच्या शेकडा २० च्या खाली राहिली, तर बुरशीचे फारसे चालत नाही. पुरात भिजलेला जाड खांब वरून आठ दिवसांत कोरडा दिसतो, पण गाभ्यातली ओल जायला महिने लागतात. ऑईलपेंटचा जाड पापुद्रा ती बाहेर येऊ देत नाही. उलट उन्हापावसाने लाकूड फुगते-आकसते, पापुद्र्याला बारीक चिरा पडतात, आणि चिरेतून पाणी आत मात्र जाते. म्हणजे शिरायला वाट आणि निघायला बंदी. घरात बंद खोलीतल्या दाराला ऑईलपेंट चालतो. पावसात उभ्या असलेल्या सज्जाला नाही.

तेव्हा ठरले, की सज्जा राखायचा. पण काम लगेच सुरू केले नाही. दिवाळीनंतर रंग खरवडला आणि लाकूड तसेच उघडे ठेवले, ते थेट होळीपर्यंत. शेजारी विचारायचे, मास्तरांच्या घराला काय झाले? ओल मोजायचे दोन सुयांचे छोटे यंत्र हल्ली मिळते. आण्णांची तऱ्हा वेगळी : रंध्याने एक चिलपी काढायची. ओल असली तर ती मऊ लोळते, कोरडी झाली की हातात चुरचुरते.

रंग खरवडताना एक खबरदारी सांगतो, कारण ती आम्हालाही उशिराच कळली. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्या देशात ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचे थर जाळून काढू नयेत, कोरडे घासून धूळही उडवू नये. पाण्याचा हात मारून खरवडावेत, तोंडाला फडके बांधावे, पापुद्रे गोळा करून वेगळे ठेवावेत आणि पोराबाळांना तिकडे फिरकू देऊ नये. जनावरे बांधलेल्या गोठ्याच्या बाजूला तर ती धूळ मुळीच जाता कामा नये.

सगळ्यात अवघड काम खांबांचे. सज्जाच्या तुळईखाली बल्ली आणि ट्रकचा जॅक लावून भार उचलला, खराब दोन्ही खांबांचे खालचे दीड फूट कापले, आणि पाडलेल्या घराच्या जुन्या सागाचे तुकडे तिरप्या सांध्याने जोडले. हे घरच्या घरी करायचे काम नव्हे. भार कुठून कुठे जातो हे समजणारा माणूसच हवा. जॅक सरकला तर माडी अंगावर येते. तळखड्याभोवती वर्षानुवर्षे शेणमातीचा थर चढून लाकूड जमिनीला टेकले होते. तो खणून काढला आणि दगड पुन्हा चार बोटे वर आणला. वाळवीही तिथूनच मातीच्या नळ्या करून चढत होती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा अठराव्या शतकातला वाडा कृष्णेच्या काठीच आहे. त्यातले लाकूडकाम आजही पाहायला मिळते. सवड झाली तर जाऊन खांबांचे पाय बघून या.

फळ्यांवर आलेला राखाडी रंग पाहून लोक म्हणतात, लाकूड सडले. तसे नसते. उन्हातले अतिनील किरण लाकडाच्या वरच्या थरातला बांधून ठेवणारा भाग तोडतात, पाऊस तो धुऊन नेतो आणि नुसते पांढुरके तंतू उरतात. हा थर अगदी पातळ असतो. रंध्याचा एक हात फिरवला की खालून मधासारखा साग निघतो. आजोबांनी बसवलेली फळी पुन्हा तशी निघालेली पाहिली तेव्हा, खरे सांगतो, चिरंजीवांनी ग्रिलचा विषय काढला नाही.

खिळ्यांभोवती काळे डाग होते. ते कुजल्याचे नव्हेत. लाकडात टॅनिन असते. लोखंडाचा गंज आणि ओल यांची गाठ पडली की काळे होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, त्यातला हाच प्रकार. या डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी लावून, नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुतले. ते विषारी आहे : हातमोजे घालावेत आणि उरलेले विहिरीच्या बाजूला ओतू नये. लोखंडी खिळे काढून न गंजणारे स्क्रू बसवले, म्हणजे पुन्हा डाग नाही. फळ्या बसवताना दोन फळ्यांत दाभण उभा जाईल एवढी फट ठेवली. पूर्वी त्या इतक्या घट्ट होत्या, की पाणी वरच साचायचे.

मग पॉलिशपेपर. आधी ८० नंबर, नंतर १२०, आणि तिथेच थांबलो. घासायचे ते लाकडाच्या रेषेच्या दिशेने. मला आणखी गुळगुळीत करायचा मोह होता, पण आण्णांनी हात धरला. फार गुळगुळीत केले तर तेल आत शिरत नाही, आणि पावसात सज्जावर पाय घसरतो तो वेगळाच.

आता मुख्य गोष्ट, तेलाची. आपल्याकडे घरात शेंगतेल असते म्हणून कोणी तेच लाकडाला चोळतो. शेंगदाण्याचे तेल कधी वाळत नाही. चिकट राहते, धूळ धरते आणि काळे पडते. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या धाग्यात मुरून बसते. करडईचे तेलही थोडेफार वाळणारे, पण जवसाची सर नाही. दुकानात जवसाचे 'डबल बॉईल्ड' तेल मागावे. त्यात लवकर वाळण्यासाठी औषध घातलेले असते, म्हणून ते खाण्याच्या तेलाजवळ ठेवू नये. कच्च्या तेलाला वाळायला फार दिवस लागतात. ट्रॅक्टरचे जळके ऑईल चोळणारेही आहेत. फुकट मिळते खरे, पण ते वाळत नाही, कपड्यांना लागते, वास जात नाही, आणि त्यात आरोग्याला घातक पदार्थ असतात. माणसाच्या वावराच्या जागी ते नकोच.

रंगासाठी तेलात गेरू खलून घातला, आणि थोडी पिवळी माती. हा नुसता शोभेचा भाग नाही. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साईड. तो ऊन अडवतो. बिनरंगाचे तेल लावलेली फळी लवकर पुन्हा राखाडी होते, गेरू घातलेली जास्त टिकते. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाईन निम्मेनिम्म, म्हणजे खोल जाते. पुढचे दोन हात टर्पेंटाईन कमी करून. सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर लावावे, तापलेल्या फळीवर नव्हे. ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटे पिऊ द्यायचे, आणि वर उरेल ते फडक्याने कोरडे पुसून घ्यायचे. इथेच लोक चुकतात. जितके जाड तितके चांगले असे वाटते, पण वर राहिलेले तेल चिकट पापुद्रा धरते. फळीच्या कापलेल्या तोंडांना मात्र दोनदा-तीनदा पाजावे, कारण उसाच्या कांड्यासारखे पाणी तिथूनच ओढले जाते. दोन हातांमध्ये निदान एक दिवस, ढगाळ हवा असेल तर दोन. आम्हाला खांब-कठड्यासकट तीन लिटर तेल लागले.

पुसलेली फडकी! हे जाड अक्षरात छापावे अशी संपादकांना विनंती आहे. जवसाचे तेल वाळताना उष्णता निघते. तेलाचे बोळे एकत्र कोंबून ठेवले, तर ती उष्णता आत साठून काडी न लावताही पेट घेतात. बगॅसचा ढीग आतून तापतो हे आपण कारखान्यावर ऐकून आहोत. फडक्यांचे कारण वेगळे, पण परिणाम तोच. फडकी उन्हात एकेक करून पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवावीत. कडब्याच्या गंजीजवळ तर ठेवूच नयेत.

माडीच्या आतल्या दाराला, देव्हाऱ्याला किंवा कपाटाला लाखेचे पॉलिश सुंदर दिसते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ती फडक्याच्या बोळ्याने चढवतात. आणि ते स्पिरिट मुळात कुठले? आपल्या उसाच्या मळीचे! मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांची झळाळी जवळून पाहिली असेल, तर लाखेची करामत वेगळी सांगायला नको. पण लाखेला पाणी सोसत नाही. गरम चहाची कपबशी ठेवली तरी पांढरे कडे उमटते. सबब सज्जाला लाख नाही.

तेलाचेही दोष आहेत, ते लपवत नाही. पावसाळ्यात ओलसर सावलीत त्यावर काळी बुरशी धरते. ती सोड्याच्या पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने धुवावी लागते. आणि दरवर्षी मे महिन्यात, वळवाच्या पावसाआधी, एक हात पुन्हा द्यावा लागतो. पण त्याला खरवडणे लागत नाही. धुवायचे, दोन दिवस वाळू द्यायचे आणि तेल पाजायचे. माझा एक दिवस जातो, चिरंजीवांचा अर्धा. आण्णांना खुर्चीवर बसवतो, ते सूचना देतात. जोडलेले खांब अजून तरी घट्ट आहेत. मी दरवर्षी दाभण घेऊन चारी पाय टोचतो.

गेल्या खेपेला अर्धा लिटर तेल उरले. ते टिकाव, खोरे, खुरपी आणि उसाच्या कोयत्यांच्या दांड्यांना लावले. दांडा उन्हात फाटत नाही आणि हाताला कुसळ लागत नाही. एवढे तरी यंदाच्या उन्हाळ्यात करून बघा.

— एक सभासद